पाण्याचे अहवाल मागणारी मावशी

माझी मावशी लाँड्री चालवते. नवरा गेल्यावर तिने ते दुकान एकटीने सांभाळलं, वर सासूलाही. दुकान पुढे, राहायच्या दोन खोल्या मागे. दोन मोठी मशिनं, वाफेची इस्त्री, आणि भिंतीला टेकवलेलं लांबलचक टेबल, ज्यावर चादरींच्या घड्या पडतात. शाळा सातवीतच सुटली, पण कपड्यावरचा डाग बघून तो चहाचा की औषधाचा, हे ती लांबूनच सांगते.

त्यामुळे दातांच्या डॉक्टरांचा पांढरा कोट धुतल्यावर पाठीवर तांबूस ठिपके दिसले, तेव्हा तिने तो दारात उजेडाला नेऊन उलटसुलट पाहिला. हा डाग तिच्या ओळखीचा नव्हता. तिने साबण बदलला. मशिनची टाकी उघडून आतून घासली. आठवड्याने उशांचे अभ्रे तसेच निघाले. मग तिने एक नवाकोरा अभ्रा घेतला, कात्रीने मधोमध कापला, अर्धा आपल्या नळाखाली धुतला आणि अर्धा घेऊन माझ्याकडे आली. मी मोठ्या रस्त्यापलीकडे राहते, आमची पाइपलाइन वेगळी. माझ्या मोरीत धुतलेला तुकडा पांढराशुभ्र निघाला.

"म्हणजे माझे हात शाबूत आहेत," ती म्हणाली. "पाण्यात काहीतरी आहे."

आम्ही दोघी पालिकेच्या पाणी विभागात गेलो, तिथे तिला एक इंजिनियर भेटले. त्यांनी खुर्चीत बसूनच सांगितलं, "काकू, तुमच्या गल्लीचं पाणी नेमाने तपासलं जातं. अहवाल उत्तम आहेत."

"अरे वा. मग दाखवा की."

"ते असे दाखवता येत नाहीत."

इथपर्यंत मावशीला फक्त पाण्याची काळजी होती. या वाक्यानंतर तिला अहवालांचीही लागली. वाटेत ती मला म्हणाली, "चांगले मार्क मिळालेलं पोर प्रगतिपुस्तक लपवतं का गं?"

माहिती मागायचा अर्ज करता येतो, हे मी तिला सांगितलं. मी मोठ्या हौसेने तीन पानी मसुदा लिहिला, त्यात 'सखेद निदर्शनास आणून देते' वगैरे सगळं होतं. तिने चष्मा लावून तो शेवटपर्यंत वाचला, घडी घालून मला परत दिला आणि स्वतःच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं: 'आमच्या गल्लीतल्या पाण्याच्या गेल्या दोन वर्षांतल्या तपासण्यांचे सर्व अहवाल मला द्यावेत.' खाली सही.

महिन्याने उत्तर आलं. अर्ज नामंजूर. कारणं दोन. एक, तपासणी बाहेरच्या प्रयोगशाळेने केली असल्याने अहवाल त्यांच्या व्यवसायाची गोपनीय बाब आहेत. दोन, माहिती उघड केल्यास नागरिकांत घबराट पसरण्याची शक्यता आहे.

मागच्या खोलीत मावशीने ते पत्र मोठ्याने वाचलं. पलंगावर तिची सासू बसली होती. वय शहाऐंशी, गुडघे गेलेले, जीभ मात्र तल्लख. म्हातारी म्हणाली, "परत वाच. ते घबराटीचं."

मावशीने वाचलं.

"म्हणजे घाबरण्यासारखं काहीतरी आहे त्यात," म्हातारी म्हणाली. "नाहीतर कोण घाबरेल?"

दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. अपील करायचं त्याच दिवशी ठरलं.

सुनावणी वरच्या कार्यालयात होती. मी सोबत गेले होते, पण बोलायला तिने मला बंदी केली होती. पालिकेकडून तेच इंजिनियर आणि एक वकील आले होते. अपील ऐकणाऱ्या बाई चाळिशीच्या, समोर फायलींचा ढीग, चेहऱ्यावर कंटाळा. मावशीने पिशवीतून अभ्र्याचे दोन तुकडे काढून टेबलावर ठेवले.

बाईंनी हात वर केला. "हे नको. पाणी चांगलं की वाईट, हे ठरवायला मी बसलेली नाही."

मला वाटलं, झालं. आता मावशीचा धीर सुटणार. तिने मात्र शांतपणे तुकडे पिशवीत ठेवले.

"बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली. "मीही ते विचारत नाही. यांनी पाणी तपासलं, असं हेच म्हणतात. तपासल्यावर काय दिसलं, एवढंच मागते. पाणी मी पिते, माझी सासू पिते. तो प्रयोगशाळेचा धंदा असेल, पण पोटं आमची आहेत."

वकील म्हणाले, "घबराटीचा मुद्दा गंभीर आहे."

"साहेब, यांनी मला तोंडी सांगितलं की अहवाल उत्तम आहेत. लेखी कळवलं की लोक घाबरतील. यातलं एक काहीतरी खरं असेल ना? कोणतं, ते त्यांनी इथे सांगावं, मी घरी जाते."

इंजिनियरांनी वकिलांकडे पाहिलं. वकील कागद चाळू लागले. बाईंच्या चेहऱ्यावरचा कंटाळा कुठल्या कुठे गेला होता. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "पंधरा दिवसांत सर्व अहवाल द्या," त्या म्हणाल्या आणि लिहूनही टाकलं.

पंधराचे चाळीस दिवस झाले. साहेब रजेवर, फाइल सापडत नाही, झेरॉक्स मशिन बंद. मावशी दर मंगळवारी दुकान बंद ठेवून पाणी विभागाच्या बाकावर जाऊन बसायची. गिऱ्हाइकांच्या शर्टांची तुटकी बटणं लावायचं काम सोबत न्यायची. भांडण नाही, आवाज नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "वाट बघतेय." सहाव्या मंगळवारी त्या विभागातल्या कारकून बाई आतून आल्या, आणि एक जाड पाकीट तिच्या मांडीवरच्या शर्टावर ठेवून म्हणाल्या, "सगळी पानं आहेत. मी मोजून लावलीत."

दोन वर्षांत गल्लीचं पाणी तीनदाच तपासलं होतं. तिन्ही अहवालांत लोखंडाचा गंज प्रमाणाबाहेर. शेवटच्या दोनांत सांडपाण्यातले जंतू. शेरा: 'पिण्यास अयोग्य. पाइप तपासून पुन्हा नमुना घ्यावा.' पुन्हा नमुना कुणीही घेतला नव्हता.

मावशी ते वाचून खूश होईल असं मला वाटलं होतं. ती मात्र दुसऱ्या अहवालाच्या तारखेवर बोट ठेवून बसून राहिली. त्याच महिन्यात म्हातारीचं पोट बिघडून तिला दवाखान्यात ठेवावं लागलं होतं. वयाचं दुखणं म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं होतं.

"मीच पाजलं की हो तुम्हाला," ती सासूला म्हणाली आणि रडायला लागली. "गोळी घ्यायला प्रत्येक वेळी मीच पेला भरून दिला."

"मी मेले का?" म्हातारी ओरडली. "नाही ना? मग रड आवर. शेजारची ओली बाळंतीण आहे, तिला आधी जाऊन सांग."

मावशीने डोळे पुसले आणि गेली. संध्याकाळपर्यंत अहवालांच्या प्रती गल्लीतल्या प्रत्येक दारात पोहोचल्या. घबराट काही पसरली नाही. लोकांनी पाणी उकळायला सुरुवात केली आणि दुसऱ्या दिवशी चाळीसेक जण मावशीच्या मागोमाग पाणी विभागात जाऊन उभे राहिले. तीन आठवड्यांत गल्ली खणली गेली. जुना पाइप सांडपाण्याच्या नळीला चिकटूनच गेला होता आणि चाळणीसारखा झाला होता. नवा बसला. इंजिनियरांची बदली झाली. मावशीला त्याचा आनंद झाला नाही. ती म्हणाली, "जातील तिथलं तरी नीट बघोत."

आता तिच्याकडे कपड्यांशिवायही लोक येतात. परवा एक बाई आली होती, मुलीच्या शाळेतली आग विझवायची नळकांडी शेवटची कधी तपासली, ते तिला पालिकेला विचारायचं होतं. ती बाई कारणं सांगू लागली, रागही काढू लागली. मावशीने घड्या बाजूला सारून टेबलावर जागा केली, तिच्यापुढे कोरा कागद ठेवला आणि म्हणाली, "राग घरी ठेव. काय हवंय तेवढंच लिही. आणि स्वतःच्या हाताने लिही, म्हणजे तिथे बोलायची वेळ आली की अडखळणार नाहीस."