गवती चहा आणि त्याचा चुलत भाऊ

आम्ही चार बॉटनीवाले एकत्र बसलो की गप्पा गवतावर येतात आणि गवतावरून नानांवर. नाना म्हणजे आमच्या धुळ्याच्या कॉलेजातले जुने सर. ते रिटायर झाले, डिपार्टमेंटची मजा गेली, मागे किस्से तेवढे उरले.

लॅबमागे त्यांनी लावलेले दोन ठोंब अजून आहेत. एक गवती चहा, नानांच्या बायकोने, म्हणजे अक्कांनी, परसातून काढून दिलेला. दुसरा त्याचा चुलत भाऊ, सिट्रोनेला. त्याच्या तेलाने डास पळतात. बुडखा लालसर दिसला की सिट्रोनेला समजायचं. पण नुसती कापलेली पानं हातात आली, तर नाकाशिवाय इलाज नाही.

एकदा परीक्षेला जळगावहून एक्स्टर्नल आले. शिपायाने घाईत चुलत भावाचीच पानं चहात टाकली. पाहुण्यांनी कप संपवला आणि म्हणाले, "चहा बरा होता. डास मात्र एकही फिरकला नाही!"

नशिराबादच्या एका मुलीला ऐन प्रॅक्टिकलला सर्दी. नानांनी कापलेलं पान पुढे केलं, "ओळख."

"सर, घरी नेते. आईने चहात टाकलं तर गवती चहा, फेकून दिलं तर दुसरं."

नानांनी पूर्ण मार्क दिले!

घरी नाना चहा आधी डोळे मिटून हुंगत बसायचे. आतून अक्का अहिराणीत ओरडायच्या, "तुमना अभ्यास ऱ्हाऊ द्या, चहा थंडा व्हई ऱ्हायना!" आम्ही तेवढं ऐकायला मुद्दाम जायचो.

मग अक्का गेल्या. पाठोपाठ एका तापात नानांना वास येणंच बंद झालं. अक्कांच्या चहाचा वास एकदा यावा, एवढंच ते मागतात. परसातला ठोंब वाळला, म्हणून शिपाई लॅबमागची पानं कापून त्यांना पोचवतो.

परवा गेलो, तर नानांनी स्वतः चहा केला. पहिल्याच घोटाला मला कळलं, चुलत भाऊ! नाना कप नाकाशी धरून, डोळे मिटून बसलेले.

"मला वासच येत नाही रे. तुला येतोय? तुमच्या अक्कांच्या चहासारखा?"

"अगदी तसाच, नाना."

"अजून काय?"

"अक्कांचा आवाज येतोय. चहा थंडा व्हई ऱ्हायना म्हणताहेत."

नानांनी डोळे उघडले, स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि गडबडीने कप तोंडाला लावला.

"पितो गं, पितो."