अण्णांना भेटायचंय

दुपारी जेवून आरामखुर्चीत डोळा लागायला लागला, की नोकरीतली एक घटना हमखास समोर येते. खून-दरोडे आठवायला मला डोकं खाजवावं लागतं. ही मात्र न बोलावता येते. बाहेर वसंतराणी गुलाबी फुललेली असते, पडद्यातून बंगळुरूची हलकी गार हवा येत असते, आणि आपण जागे आहोत की झोपेत, हेच मला कळेनासं होतं.

तेव्हा मी शहराच्या जुन्या भागातल्या एका ठाण्याचा निरीक्षक होतो. एके दिवशी कारागृहाकडून पडताळणीचा कागद आला. चामराजपेटेतल्या एका बाईनं जन्मठेपेच्या कैद्याची बहीण म्हणून मुलाखतीचा अर्ज केला होता. कैद्याला विचारलं, तर तो म्हणाला, मला बहीणच नाही. अर्जावर शेरा पडला : नातं खोटं, नामंजूर. त्यातच आमच्या खबऱ्यानं बातमी आणली की हीच बाई कामावर दांडी मारून कारागृहाच्या फाटकासमोर बसून असते. आमच्या लोकांचे कान टवकारले. टोळीचे निरोप आत पोचवणारी बाई सापडली, असं त्यांनी परस्पर ठरवूनही टाकलं. पोलिसांची कल्पनाशक्ती कवींपेक्षा कमी नसते, फक्त ती पंचनाम्यात खर्च होते.

बाईमाणसाची चौकशी तिच्या घरीच करायची असते, म्हणून महिला हवालदाराला घेऊन मीच गेलो. एका खोलीचं घर. खिडकीतून तिरकं ऊन आलेलं, त्यात उदबत्तीचा धूर संथ फिरत होता. भिंतीवर एका वयस्क बाईचा फोटो, त्याला ताजा हार. रस्त्यावरच्या रिक्षांचा आवाज कुठून तरी लांबून आल्यासारखा वाटत होता. अर्जदार बाई तिशीची, पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कपड्यांच्या कारखान्यात शिलाईकाम करणारी. आम्हाला बघून ती घाबरली नाही, याची मी मनात नोंद केली. काही लपवायचं असलेला माणूस आधी पाणी विचारतो. हिनं नुसतं बघितलं.

चौकशी कन्नडमध्ये सुरू झाली.

"तो कैदी तुझा कोण?" हवालदार बाईंनी विचारलं.

"अण्णा."

"तो म्हणतो, मला बहीण नाही."

"ते मला माहीत नाही अक्का. माझे अण्णाच आहेत ते."

हाच प्रश्न उलटसुलट विचारून झाला. उत्तर तेच. एवढ्यात फळीवरचा मोबाईल वाजू लागला. ती उठली नाही. दोन्ही हात कानांवर ठेवून मान खाली घालून बसली. हवालदार बाई गरजल्या, "उचल! कुणाचा फोन आहे?"

फोन वाजून वाजून बंद पडला. तेव्हा ती माझ्याकडे न बघता मराठीत पुटपुटली, "अण्णांचाच हाय, जेलातल्या फोनवरनं. आईला फोन लावलाय त्यांनी. आई कुठं हाय म्हटलं तर काय सांगू मी?"

मी फोटोकडे पाहिलं. मग मराठीत विचारलं, "बाळ, तू वडिलांना काय म्हणतेस?"

ती चकित झाली. "अण्णाच की ओ साहेब. दुसरं काय म्हणणार?"

मी निपाणीकडचा. माझ्या वडिलांना मी जन्मभर अण्णाच म्हटलं. कन्नडमध्ये अण्णा म्हणजे थोरला भाऊ. कारागृहाच्या खिडकीवरच्या लेखनिकानं ऐकलं ते लिहिलं, आणि आत त्या माणसाला विचारलं, बहीण आली आहे, भेटणार का? लग्नात सासरच्यांनी हिचं नावही बदललेलं. आईच्या तोंडी जुनंच नाव, नवं त्याला कुठून माहीत असणार?

मग तिनं सगळं सांगितलं. भेटायला नेहमी आईच जायची. पोरीला इथं कधी आणायचं नाही, अशी शपथच वडिलांनी आईला घातली होती. आणि आई अचानक गेली.

"चिठ्ठी पाठव ना," हवालदार बाई आता हळू आवाजात म्हणाल्या.

"चिठ्ठी कोणतरी परका वाचून दाखवणार. फोनवर सांगितलं तर तिथं त्यांना धरायला कोण हाय? आमच्यातलंच कुणीतरी समोर पाहिजे की ओ."

नामंजुरीवर वरिष्ठांकडे अपील करता येतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. अपील तिनं केलं, सोबत शाळा सोडल्याचा आणि लग्नाचा दाखला जोडला, आणि पडताळणी अहवालात मी त्या एका शब्दाचा खुलासा लिहिला. कारागृहाचे वरिष्ठ अधिकारी तो वाचून हसले. "काय हो, तुम्ही बापाला भाऊ करून टाकता?" मग फोटोतल्या बाईबद्दल मी सांगितलं, तसं त्यांनी पेन उघडलं. "सरी, ठीक आहे," म्हणाले आणि सही केली.

भेटीच्या दिवशी मीही गेलो. माझं काही काम नव्हतं, तरी गेलो. मुलाखतीच्या दालनात इतके लोक एकदम बोलत होते की कन्नड, तमीळ, उर्दू सगळं मिळून एकच गुणगुण झाली होती, आणि मला गुंगी आल्यासारखं झालं. जाळीपलीकडे एक पांढऱ्या केसांचा माणूस आला. त्यानं मुलीला ओळखलं, क्षणभर हसला. मग त्यानं तिच्या मागे बघितलं. पुन्हा बघितलं. तिथं मी उभा होतो, दुसरं कुणीच नव्हतं.

"कधी?" एवढंच त्यानं विचारलं.

तिनं जाळीला तळहात लावला. त्यानं पलीकडून लावला. वेळ संपेपर्यंत दोघं तसेच उभे होते, आणि मला रडू आलं.

या प्रकरणानं मला काय शिकवलं? माणसाला त्याच्या घरच्या भाषेत बोलू द्यावं, हे तर आहेच. पण दुसरी गोष्ट मला जास्त लागली. अपघात झाला की घरी खबर द्यायला आम्हालाच जावं लागतं. दारात उभं राहून, टोपी घालून, दोन वाक्यांत सांगून निघायचं, अशीच आमची रीत. त्या दिवसानंतर निवृत्तीपर्यंत अशा ज्या ज्या घरी गेलो, तिथं आधी टोपी काढली, जमिनीवर त्यांच्यासमोर बसलो, आणि मगच तोंड उघडलं.