आठ पिनांचा चिमटा

परवा ड्रॉवर आवरताना बायोसच्या, म्हणजे कॉम्प्युटर सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमच्या, चिपला लावायचा आठ पिनांचा चिमटा हाताला लागला आणि वागळे इस्टेटमधलं आमचं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं वर्कशॉप, तिथला सोल्डरचा धूर, सगळं आठवलं. शेजारच्या टेबलावरचा डोंबिवलीकर सोल्डरिंग माझ्याकडूनच शिकलेला. एका जुन्या मदरबोर्डवर नवा प्रोसेसर चालणार नाही, असं मी गिऱ्हाइकाला सांगून टाकलेलं. बोर्डाच्या कंपनीने दिलेल्या यादीतही तो प्रोसेसर नव्हता. हा म्हणाला, "दादा, बायोस बदलून बघू का?" चार दिवस सगळं वर्कशॉप त्याच्या खुर्चीमागे उभं, माझ्या टेबलाकडे कुणी फिरकेना. माझा नुसता जळफळाट. चिमटा लावून बदललेला बायोस चिपमध्ये भरायची वेळ आली तेव्हा त्याने विचारलं, "दादा, चिमटा बघितलात?" "नाही रे," मी म्हटलं. तो माझ्या खिशात होता. मग त्याने चिपच बोर्डावरून काढली, प्रोग्रॅमरच्या यंत्रात बसवून भरली आणि पुन्हा सोल्डर केली. बोर्ड सुरू झाला, आणि स्क्रीनवर कंपनीच्या लोगोच्या जागी माझं नाव आलं. टाळ्या वाजल्या. हेही त्यालाच सुचावं, म्हणून मी आणखीच जळलो. अजून दर गुरुपौर्णिमेला त्याचा फोन येतो. चिमट्याचं मी सांगितलेलं नाही.