त्याला ताप नव्हता

जे लिहितोय ते मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आमच्या बँडमधल्या इतर दोघांनाही नाही. तिथवर पोचायला मला जरा वेळ लागेल, म्हणून आधी आमच्या गायकाच्या हाताबद्दल सांगतो.

गाणारे लोक माइक मुठीत आवळून धरतात, हे तुम्हीही पाहिलं असेल. तो दोन बोटांत धरायचा. पिंपळगाव बसवंतला द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये तो सुपरवायझर होता. तिथे घड नेहमी देठाला धरून उचलतात. मण्यांना बोटं लागली की वरची पांढुरकी भुकटी पुसली जाते, आणि असा माल परदेशात जात नाही. वर्षानुवर्षं घड उचलून त्याच्या बोटांना तेच वळण लागलं होतं. मी एकदा म्हणालो, "अरे, नीट धर, पडेल." तर म्हणाला, "नीटच धरलाय भाऊ. दाबला की आवाज खरचटतो."

नाशिकला द्वारका चौकात टायरच्या एका दुकानावर, पहिल्या मजल्यावर, माझं वाद्यांचं दुकान आहे. तिथे तो पहिल्यांदा आला तेव्हा त्याला काही विकत घ्यायचं नव्हतं. "एक गाणं बसवलंय. कुठल्या पट्टीत हाय, तेवढं सांगा," म्हणाला आणि उभ्याउभ्याच गायला लागला. खाली टायरवाल्याचा कॉम्प्रेसर धडधडत होता. त्याचं त्याला काही नव्हतं. गाणं संपलं आणि मी पट्टी सांगायची विसरलो.

त्यातून बँड उभा राहिला. गिटारवर मी, ड्रम्सवर माझा शाळेतला मित्र संजू, कीबोर्डवर मेधा, जी एका शाळेत संगीत शिकवायची. शब्द, चाल आणि आवाज त्याचा. तालमीला जागा नव्हती, ती त्यानेच शोधली: पॅकहाऊसची कूलिंग रूम. द्राक्षांचा हंगाम संपला की ती सात-आठ महिने रिकामी असते आणि तिच्या भिंती वीतभर जाड फोमच्या. दार लावलं की संजूने कितीही बडवलं तरी बाहेर राखणदाराची झोप मोडत नसे. जगातले बँड हिवाळ्यात तालमी करत असतील. आमचा हिवाळा मालाखाली जायचा.

नावही त्याचंच. आम्ही इंग्रजी नावांच्या याद्या करत बसलो होतो. तो म्हणाला, "हिरवा देठ."

मेधा हसली. "म्हणजे काय? भाजीचं दुकान?"

"घेणारा आधी देठ बघतो, मॅडम. देठ हिरवा तर माल ताजा. मण्याचं काय, मणी कुणालाही फसवतो."

गाण्यातही त्याची भाषा तीच होती. घड भरगच्च झाला की छोट्या कात्रीने जादा मणी कापून काढतात, बाकीच्यांना फुगायला जागा हवी म्हणून. तो सुरांना आणि शब्दांना तसाच कात्री लावायचा. "संजूभाऊ, तीन मणी जास्त झाले." संजू वैतागायचा, "अरे, ड्रम्स आहेत, बाग नाही!" पण पुढच्या वेळी तीन ठोके कमी वाजवायचा आणि गाणं मोकळं व्हायचं. स्वतःच्या ओळी तर तो निर्दयपणे कापायचा. एका गाण्याच्या चार कडव्यांतून शेवटी दोनच ओळी उरल्या:

चार अंशांवर ठेवलंय मला,
नासत नाही, पिकत नाही.

हे गाणं आम्ही इंटरनेटवर टाकलं आणि ते पुण्या-मुंबईच्या पोरांनी उचललं. नाशिकच्या कॅफेंमध्ये बोलावणी आली, मग पुण्यातून दोन. लोक त्याच्याभोवती जमायचे. मी केबल गुंडाळत असायचो. कोणी विचारायचं, "तुम्ही यांचे मॅनेजर का?" मी हो म्हणायचो, कारण फोनवर माझाच नंबर होता.

आता विंचूरचं.

तिथल्या वाइन पार्कात एक मोठा संगीत महोत्सव होता. मुंबईहून गाणी काढणाऱ्या कंपन्यांचे लोक येणार होते. एवढं मोठं आमंत्रण आम्हाला पुन्हा कधी आलं नाही. ऐन हंगाम होता, तरी त्याने मालकाशी भांडून दिवसाची सुट्टी काढली, नवा शर्ट शिवला. मेधाने त्याला शर्टाचा रंग विचारला तर म्हणाला, "लय लाल नाय. चारचौघांत घालता येईल असा लाल."

त्या दिवशी सकाळी मी त्याला फोन केला आणि सांगितलं, कार्यक्रम रद्द झाला.

"अरेरे," तो म्हणाला. आणि लगेच, "तू वाईट वाटून घेऊ नको भाऊ. तू लय धावपळ केली." धीर तोच मला देत होता. "मी जातो मग कामावर. आज दोन कंटेनर भरायचेत."

त्यानंतर मी संजूला आणि मेधाला फोन केला. सांगितलं, त्याला सणकून ताप आहे, उठवत नाही, आज मी गातो.

पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आलो की आयोजकांनाच तो नको होता, त्याचं गावाकडचं बोलणं त्यांना चालणार नव्हतं. हे खोटं आहे. आयोजकांनी त्याच्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. मला एकदा मध्ये उभं राहायचं होतं. एवढंच.

चारच्या उन्हात आम्ही स्टेजवर चढलो. संजू मागे होता, मेधाची मान खाली होती. दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर एक टेम्पो खाण्याच्या स्टॉलमागे येऊन थांबला. पाहुण्यांना द्यायला द्राक्षांच्या पेट्या मागवल्या होत्या. त्या त्याच्याच पॅकहाऊसमधून आल्या. सुट्टी रद्द करून तो कामावर हजर झाला, म्हणून मालकाने त्यालाच पाठवलं होतं. अंगात पांढरा कोट, डोक्यावर केस झाकायची जाळीची टोपी, दोन्ही हातांत पेट्या. मी त्याचं गाणं गात होतो.

तो पेट्या खाली न ठेवता एक कडवं उभा राहिला. आमची नजर भेटली. मग त्याने पेट्या स्टॉलवर ठेवल्या, कुणाची तरी सही घेतली आणि गेला. आणि मी, तुम्हाला खरं सांगायचं तर, गाणं पूर्ण केलं.

तीन-चार दिवसांनी आम्ही माझ्या दुकानात भेटलो. संजूने त्याच्या पाठीवर थाप मारली, "काय रे, मोक्याच्या वेळी आडवा झालास! उतरला का ताप?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी गिटारची तार बदलत होतो. तो एक शब्द वेगळा बोलला असता तर बँड तिथेच मोडला असता.

"उतरला," तो म्हणाला.

निघताना जिन्यात मला एकट्याला म्हणाला, "चांगलं झालं, भाऊ. दुसऱ्या कडव्यात फक्त एक मणी जास्त झाला." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी भांडलो तरी असतो.

त्यानंतर तो दोनदा तालमीला आला. मग 'माल लांबलाय', मग 'घरी पाहुणे हायेत'. मुंबईचे दोन-तीन कार्यक्रम माझ्या आवाजात झाले. इंटरनेटवर गाण्यांखाली ऐकणारे विचारायचे, पहिला आवाज कुठे गेला? नवं गाणं कोणालाच सुचत नव्हतं. दोन वर्षांत 'हिरवा देठ' संपला. कोणी संपवला नाही, फोन येणंच थांबलं. त्याचं लग्न झालं, मुलगी झाली. द्वारकेच्या सिग्नलला कधी तो टेम्पोत दिसायचा. हात वर करायचा. मीही करायचो.

गेल्या श्रावणात तो हृदयविकाराने गेला. चाळिशी नुकतीच ओलांडली होती. संजू, मेधा आणि मी त्याच्या घरी भेटायला गेलो. त्याच्या बायकोने आम्हाला पहिल्यांदाच पाहिलं, तरी नावं माहीत होती. चहा दिला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "भाऊ, ते नेहमी म्हणायचे, त्या विंचूरच्या टायमाला मला ताप आला आन् भाऊची पंचाईत झाली. एवढं जमवलेलं माझ्यामुळं गेलं. तुमची माफी मागायची राहिली, असं लय वेळा बोलून दाखवलं. आता ते नाहीत, तर मीच मागते."

दहा-अकरा वर्षांची मुलगी दाराशी उभी राहून ऐकत होती. मेधा डोळे पुसत होती. संजू म्हणाला, "नशीब असतं एकेकाचं, वहिनी."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "असू द्या, वहिनी. मनात ठेवू नका."

म्हणजे मी माफ केलं. त्याला.

आज इथे लिहिलं, कारण तुम्ही मला ओळखत नाही आणि तुमच्यासमोर मला चहा प्यायचा नाही. पण ज्यांना हे सांगायला हवं ते चौघं आहेत: संजू, मेधा, त्याची बायको आणि ती मुलगी. तिचा बाप त्या दिवशी ठणठणीत होता आणि मी खोटं बोललो, हे त्यांच्या घरी जाऊन, तिच्यासमोर बसून सांगणं माझ्याकडून बाकी आहे. अजून गेलेलो नाही.