भैया नावाचा गुडघा

"चलो भैया, उठो."

खुर्चीतून उठण्याआधी दीदी उजव्या गुडघ्यावर दोन थापट्या मारायच्या आणि हे म्हणायच्या. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कोण भैया आलाय म्हणून मी मागे वळून पाहिलं. कोणी नव्हतं. भैया म्हणजे गुडघा. डावा गुडघा नुसता गुडघा होता. त्याने कधी त्रास दिला नाही म्हणून त्याला नावही मिळालं नाही. तुमच्या पाहण्यातही असं घर असेल, जिथे शहाण्या मुलाला कोणी हाक मारत नाही आणि व्रात्य मुलाचं नाव दिवसभर ऐकू येत असतं.

मी सांगलीहून जबलपूरला कॉलेजात शिकवायला आले आणि दीदींच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहिले. दीदी म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या खेळाच्या शिक्षिका. नवरा गेलेला, मुलगा बंगळूरला. पिढ्यांपूर्वी मराठ्यांच्या चाकरीत त्यांचं घराणं इकडे आलं ते बोलीसकट इकडचंच झालं. सगळ्या गल्लीच्या त्या दीदी, म्हणून माझ्याही.

दीदी एका जागी फार वेळ बसत नसत. भाजी उभ्याने चिरायच्या, वर्तमानपत्र फेऱ्या मारत वाचायच्या, फोनवर बोलता बोलता फाटकापर्यंत जाऊन यायच्या. त्यांच्याशी बोलायचं तर आपणही चालायचं. कॉलेजातून दमून यावं, त्यांनी जिन्याशी गाठावं आणि अंगणाला प्रदक्षिणा सुरू व्हावी, याचा मला मनापासून वैताग यायचा. एकदा मी चिडून म्हटलं, "दीदी, डॉक्टरांनी तुम्हाला विश्रांती सांगितलीय ना?"

"डॉक्टर खुर्चीत बसून सांगतात," त्या चालता चालता म्हणाल्या. "मी बसली की गंजली."

गुडघा गेला तो खो-खोत. तरुणपणी खांबाशी वळताना पाय एकीकडे राहिला आणि दीदी दुसरीकडे गेल्या. आतली दोरी तुटली. तेव्हा हळद लावून पट्टा बांधला आणि पुढच्या मोसमात त्या पुन्हा मैदानात. शाळेत मुलींना शिकवताना तोच पाय पुन्हा पुन्हा मुरगळला, मग आतली गादी झिजली. "डॉक्टर म्हणे दोरी तुटली. मी म्हटलं, गाठ मारून द्या," असं त्या हसत सांगायच्या. पण हसून झालं की हात गुडघ्यावर जायचा.

हे सगळं त्यांनी निभावून नेलं असतं. अडचण होती लेझमीची.

आमच्या मराठी मंडळाच्या गणपती विसर्जनाला बायकांचं लेझीम पथक असतं. ते दीदींनी उभं केलेलं. पुढे शिट्टी घेऊन त्या, मागे आम्ही. त्यात एक बैठकीचा ठोका आहे. ढोल थांबतो, सगळं पथक उकिडवं खाली बसतं, आणि दीदींची शिट्टी वाजली की एकदम उठतं. कमानिया गेटपाशी गर्दी असते, तिथे हा ठोका घ्यायचाच. मी आले त्या वर्षी दीदी तिथे बसल्या आणि उठल्याच नाहीत. शिट्टी ओठात, चेहरा पांढरा, भैयाला थापट्या मारून राहिल्यात आणि तो ऐकत नाही. शेवटी दोघींनी काखेत हात घालून त्यांना उचललं. गर्दीतला कोणी हसला. तो हसला नसता तर बरं झालं असतं.

घरी आल्यावर त्या मला म्हणाल्या, "पुढच्या वर्षी बसून उठली तर ठीक. नाही तर शिट्टी दुसऱ्या कोणाला देऊन टाकते. उचलून घ्यायची पाळी पुन्हा नाही."

झालं, औषधांचा हंगाम सुरू झाला. आपल्या लोकांना दुसऱ्याचा गुडघा दिसला की जो उत्साह येतो, तो तुम्हाला ठाऊक आहे. कोणी हाडजोडीची कांडी आणून दिली, कोणी गुग्गुळ, कोणी मेथीचे लाडू. गोहलपुरातल्या एका मालिशवाल्याने असं तेल दिलं की त्याच्या वासाने मीही वरच्या मजल्यावर खिडकी लावून घेतली. गोळ्यांच्या बाटल्या तर देव्हाऱ्यातल्या देवांपेक्षा जास्त झाल्या. दीदी आज हे घेत, उद्या ते सोडत. कशाचाच भरवसा वाटत नव्हता आणि काही न घेण्याचा धीरही नव्हता.

मी त्यांना हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. ते भले गृहस्थ होते. म्हणाले, "दीदी, जो घिस गया वो वापस नहीं आता. इन चीज़ों से किसी-किसी को थोड़ा आराम लगता है, किसी को नहीं. असली काम जांघ की कसरत का है, वो रोज़ कीजिए. और जो भी खाएं, हमें बताकर. आपकी बीपी की गोली भी चलती है."

रिक्षात मी विचारलं, काय ठरवलं? दीदी म्हणाल्या, "थोडा आराम लगता है म्हणाले ना." बाकीचं वाक्य त्यांनी दवाखान्यातच सोडलं होतं.

व्यायाम मात्र त्या शिस्तीने करू लागल्या. मैदानावर आयुष्य गेलेलं, व्यायाम म्हटला की हयगय नाही. पायाला वाळूची पिशवी बांधून मांडी ताठ करायची, खाली सोडायची. उन्हाळ्यात मुलाने बंगळूरहून एक भलामोठा पत्र्याचा डबा पाठवला. सांध्यांसाठीची पांढरी पावडर, डब्यावर माशाचं चित्र. "माशाची आहे हो," मी म्हटलं. "औषधाला सोवळं नसते," त्या म्हणाल्या आणि त्यांनी ती स्टीलच्या डब्यात ओतून ठेवली. तुमच्या-आमच्या घरात कुठलीच वस्तू आल्या डब्यात राहत नाही. तिला स्टीलच्या डब्यात घातल्याशिवाय ती घरची होत नाही. रिकाम्या डब्यात दीदींनी कढीपत्ता लावला.

रोज सकाळी कोमट दुधात चमचाभर पावडर. ती विरघळायची नाही, तळाशी बसायची. दीदी खळखळ ढवळून म्हणायच्या, "गाळ बसते, म्हणजे माल अस्सल आहे."

आणि काय सांगू, महिन्याभरात फरक दिसला! जिना चढताना कठडा धरणं सुटलं. भैयाचं नाव कमी ऐकू येऊ लागलं. माझी टाच दुखायची म्हणून मीही चमचाभर घेऊ लागले, आणि माझीसुद्धा टाच हलकी वाटू लागली. पहिला पाऊस होऊन गेल्यावर एक दिवस दीदी स्वयंपाकघराचा ओटा धरून अर्ध्या उकिडव्या बसल्या आणि उठल्या. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. "आता बघ, गेटपाशी पुरी बसते," म्हणाल्या. मुलाला फोन करून त्यांनी आणखी एक डबा मागवला.

श्रावणातल्या पहिल्या सोमवारी दीदींच्या अंगणात लेझमीचा सराव सुरू झाला. बऱ्याच जणींचा उपास, म्हणून दीदींनी शिंगाड्याच्या पिठाचा शिरा करायला घेतला. शाळेतल्या एका जुन्या विद्यार्थिनीने सिहोऱ्याहून उन्हाळ्याआधीच भरपूर पीठ पाठवलेलं होतं. दीदींनी तुपात पीठ टाकलं. ते भाजलं जाईना, चिकट गोळे होऊन कढईला बसू लागलं. मंडळातल्या काकू मदतीला आल्या. त्यांनी पाणी ओतलं तर सगळं विरघळून पातळ खळ तयार झाली आणि एक वास सुटला. काकूंनी चमच्याच्या टोकाने चाखून पाहिलं.

"अगं, हे शिंगाडा नाहीये बापा!"

दीदींनी दुसरा डबा उघडला. चिमूट तोंडात टाकली. तिथे होता शिंगाडा, निम्म्यावर आलेला. दोन्ही डबे एकाच जोडीतले, लग्नात मिळालेले. उन्हाळाभर दुधातून आम्ही दोघी शिंगाडा पीत होतो, आणि माशाची पावडर तुपात परतून श्रावणी सोमवारच्या कढईत पडली होती.

काकूंनी चमचा मोरीत टाकला. मग कढीपत्त्याच्या डब्यावरच्या माशाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "आता मी ग्वारीघाटला जाऊन नर्मदेत डुबकी मारून येऊ का काय?" सगळ्या जणी खो खो हसत सुटल्या. माझ्या टाचेचं आठवून मीही भिंतीला टेकून हसले.

दीदी हसल्या नाहीत. त्या ओट्यापाशी स्टूल ओढून बसल्या, आणि बसूनच राहिल्या. त्यांना इतका वेळ बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. बायका गेल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे भैया असाच राहणार."

"पण बरं वाटत होतं ना तुम्हाला?"

"तेच तर. काहून वाटून राहिलं होतं?"

मी म्हटलं, व्यायामाने. व्यायाम त्यांना आयुष्यभराचा ओळखीचा, त्याच्याकडून चमत्काराची आशा कोण धरणार? आशा त्यांनी डब्यात ठेवली होती. त्यांचा उतरलेला चेहरा पाहून मला वाटलं, डबे बदलले हे कळलं नसतं तर बरं.

मुलगा फोनवर म्हणाला, आता खरी पावडर नीट घे, आई. डॉक्टर म्हणाले, "लेना है तो लीजिए, लेकिन बैठकर उठने का वादा कोई पाउडर नहीं करता." दीदींनी ती घेऊन पाहिली. त्या दिवसांत त्यांचा जीव कशातच लागत नव्हता. सकाळी अंगणात फेऱ्या, दुपारी फेऱ्या, मधेच थांबून अर्धं बसून बघायच्या, भैयाला विचारायच्या, पुन्हा चालायच्या. गणपती तोंडावर आले तेव्हा एक दिवस त्यांनी स्वतःच चमचा धुऊन ठेवला.

"दोन्हीत काही फरक नाही. अर्धं बसता येते, पुरं नाही. मग शिंगाडाच बरा, शिरा तरी होते."

"आणि शिट्टी?" मी भीत भीत विचारलं.

"बघू," एवढंच बोलून त्या फाटकाकडे चालू लागल्या.

विसर्जनाच्या दिवशी त्या पुढे होत्या. शिट्टी गळ्यात. कमानिया गेटपाशी ढोल थांबला. आम्ही सगळ्या खाली बसलो. दीदी बसल्या नाहीत. त्यांनी लेझीम दोन्ही हातांनी डोक्यावर उंच धरली आणि ताठ उभ्या राहिल्या. खाली बसलेल्या इतक्या बायकांमध्ये एकट्या त्याच उभ्या. सगळी गर्दी त्यांच्याकडे बघू लागली, आणि या वेळी कोणी हसलं नाही. मग शिट्टी वाजली आणि आम्ही उठलो. मी लेझीम वाजवत होते आणि रडत होते, दोन्ही एकदम.

घरी येताना त्या म्हणाल्या, "बसता नाही येत तर उभं तर राहता येते ना. हे आधी काहून नाही सुचलं?"

होळीनंतर मुलगा येऊन त्यांना बंगळूरला घेऊन गेला. त्या फोन करतात. पलीकडून चालण्याचा आवाज येतो, म्हणजे ठीक चाललंय. "इथे लिफ्ट आहे, भैया आळशी होऊन राहिला," असं सांगतात. खालचं घर बंद आहे. कढीपत्त्याला मी पाणी घालते. डबा गंजलाय, मासा अजून दिसतो.

यंदा पथक निघालं. शिट्टी काकूंच्या गळ्यात होती. गेटपाशी ढोल थांबला आणि आम्ही सगळ्या खाली बसलो. काकूही बसल्या. पुढे कोणीच उभं नव्हतं. समोर नुसता रस्ता आणि लोकांचे पाय. काकू त्या मोकळ्या जागेकडे बघत राहिल्या आणि शिट्टी वाजवायचं विसरल्या. आम्ही तशाच बसून. मांड्या थरथरू लागल्या, ढोलवाला काठी उचलून थांबलेला.

मग मागच्या रांगेतून कोणीतरी हळूच म्हणालं, "चलो भैया, उठो."

आणि आम्ही सगळ्या उठलो.