मामांचा गाल

स्वतःच्या कातडीचे एवढे लाड करणारा माणूस आमच्या मामेसासऱ्यांशिवाय मी दुसरा पाहिलेला नाही. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत आम्ही त्यांच्याच घरी राहायचो. इथल्या दुधाला साय ती केवढी येणार, पण जेवढी येई तेवढी मामांच्या गालावर जाई, आणि सायीपायी सगळं दूध आटून माझा चहा बिनदुधाचा. पाहुणा आला की विचारायचे, "सांगा बघू, माझं वय किती?" तो बिचारा दहा वर्षं कमी सांगायचा, तरी यांचं तोंड उतरायचं.

या गालाची खरी मालकीण मात्र माझी आठ महिन्यांची लेक. त्याला गाल टेकवल्याशिवाय ती झोपायचीच नाही. तिच्यापायी मामांनी चाळीस वर्षांची सिगारेट सोडली आणि तेव्हा नुकतीच आलेली विजेवरची धरली. इथवर ठीक होतं. पण तिच्यातून धूर नाही, वाफ निघते म्हटल्यावर सर्दीला घेतात तसा डोक्यावरून टॉवेल घेऊन आत भसाभसा वाफ सोडत बसले. "अहो मामा, हे काय?" तर म्हणे, "पार्लरमध्ये तुम्ही हीच स्टीम घेता ना, सूनबाई?"

महिन्याभरात ओठ फुटले, हनुवटी लाल होऊन सोलायला लागली. मामांनी हीटिंगला दोष दिला, साबणाला दिला, आणि वाफ वाढवली. एका संध्याकाळी लेकीने गाल टेकवला, दचकली आणि त्यांचं तोंड ढकलून माझ्याकडे झेपावली. मामा हसले, पण जेवले नाहीत. मला फार वाईट वाटलं. पुढच्याच महिन्यात आम्ही कार्डिफला राहायला जाणार होतो.

दुसऱ्या दिवशी ते जीपीकडे, म्हणजे इथल्या नेहमीच्या डॉक्टरणीकडे गेले. ती म्हणाली, हे यंत्र नवीन आहे, खात्रीने सांगता येत नाही, बंद करून बघा. मामांनी ते टॉवेलमध्ये गुंडाळून माझ्या हाती दिलं. "लपव. मी मागितलं तरी देऊ नकोस." तीनदा मागितलं. मी दिलं नाही. मग दिवसभर चिडचिड करायचे आणि आरशासमोर हनुवटीवर बोट फिरवून बघायचे.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी खोकी भरत होते, लेक किरकिरत होती. मामा नुसते हात पुढे करून थांबले. ती गेली. गाल टेकवला, उचलला, पुन्हा टेकवला आणि झोपली. मामा तासभर हलले नाहीत. मी उशी पुढे केली, तर बोटानेच नको म्हणाले.

कार्डिफला आल्यावर चार दिवसांत ती एकटी झोपायला शिकली. मामा मात्र रोज फोनवर विचारायचे, "झोपताना रडते का गं?"

मी सांगायचे, "रडते थोडी."