शून्य खोकल्यांचं नाटक

दिगूभाऊ गेल्याचा निरोप आला तेव्हा मी नरखेडकडे आमच्या संत्र्याच्या बागेत, विहिरीवरच्या मोटारीशी भांडत होतो. खिशातला मोबाईल वाजला. 'तिसरी घंटा' या आमच्या नाटकवेड्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सुलभाताईंनी दोनच शब्द लिहिले होते... दिगूभाऊ गेले. आता हा ग्रुप म्हणजे काय चीज आहे ते आधी सांगतो. नागपुरात नाटक लागलं की पडदा पडायच्या आत इथे मतं पडायला लागतात. पाहाच, पाहू नकाच, पहिला अंक पाहून घरी जा, दुसऱ्याच अंकाला या. एकदा एका नायिकेच्या साडीचा रंग मोरपंखी की रामा, यावर साडेचारशे मेसेज झाले आणि नाटक कसं होतं ते शेवटपर्यंत कोणी लिहिलंच नाही. अशा त्या ग्रुपवर त्या दिवशी दुपारपर्यंत एक अक्षर उमटलं नाही. ना जोडलेले हात, ना फुलांची चित्रं. साठ माणसं आपापल्या घरी मोबाईल धरून गप्प. मी मोटारीचं बटण बंद केलं, बांधावर बसलो आणि मनात आलं, ही शांतता दिगूभाऊंनी ऐकायला हवी होती. त्यांनी बरोबर आकडा सांगितला असता.

आकडा म्हणजे खोकल्यांचा. दिगांबर मेंढे हा माणूस नाटक खोकल्यांवर मोजायचा. नोकरी टेलिफोन खात्यात, ट्रंक कॉलच्या बोर्डावर. सगळी उमर कानाला हेडफोन. त्यामुळे कान असे तयार, की तिकडे दूर मौद्यात कोणी सुस्कारा टाकला तर हे इथे नागपुरात, धंतोलीत मान वर करून बघत. (सुलभाताई म्हणतील, मी वाढवून सांगतो. सांगतोच. पण फार नाही.) नाट्यगृहात त्यांची खुर्ची बाराव्या रांगेत, कडेची. अंगात बाराही महिने तपकिरी जाकीट, मे महिन्यातही. त्याच्या उजव्या खिशात मूठभर चिंचोके. प्रेक्षकांत कोणी खोकललं, की एक चिंचोका उजव्या खिशातून डाव्या खिशात. अंधारात, नजर रंगमंचावरून न हलवता. नाटक सुटलं की आम्ही सगळे फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर जमायचो आणि प्रत्येकाने आपलं मत द्यायचं. सुलभाताई बँकेतून निवृत्त झालेल्या, रडू आलं की नाटक चांगलं असं त्यांचं साधं गणित. मी आवाज चढवून, हात उडवून, नटाची नक्कल करून मत देणार. सगळ्यांचं झालं की शेवटी माना दिगूभाऊंकडे वळायच्या. ते चहाचा शेवटचा घोट घ्यायचे, डावा खिसा चाचपायचे आणि म्हणायचे, "तेवीस." बस. मग चिंचोके परत उजव्या खिशात. तेवीस म्हणजे बरं. चाळीसच्या वर गेलं की पुढच्या रविवारी सिनेमा पाहावा. दहाच्या आत असलं तर आम्ही त्याच टपरीवर उभ्या उभ्या नातेवाइकांना फोन लावायचो, पुढच्या प्रयोगाची तिकिटं काढून ठेवा म्हणून.

मी त्यांना पहिल्यांदा भेटलो त्याला वीसेक वर्षं झाली. नव्या माणसाने आपली छाप पाडायला बघावं तसा मी टपरीवर छाती काढून म्हणालो, "पण दादा, डिसेंबर-जानेवारीत सगळं नागपूर खोकलते. मंग सगळेच नाटकं पडले काय?"

दिगूभाऊंनी माझ्याकडे नवशिक्या ऑपरेटरकडे पाहावं तसं पाहिलं. "सर्दीचा खोकला मोजाचा नसते गा. कंटाळ्याचा मोजाचा."

"अंधारात समजते कसं?"

"सर्दीवाला दाबते. कंटाळलेला सोडते."

एवढं बोलून ते चहाकडे वळले. मी पुढचे तीन प्रयोग नाटक न पाहता नुसते खोकले ऐकत बसलो आणि काय सांगू, बाप्पा, माणूस खरं बोलत होता! सर्दीचा खोकला आधी नाकातून कुरकुरतो, मग रुमालात अडकतो, मग माफी मागत बाहेर पडतो. कंटाळ्याचा खोकला ऐटीत येतो. शिवाय तो एकटा नसतो. तिसऱ्या रांगेने साद घातली की बाल्कनी उत्तर देते. एका ऐतिहासिक नाटकात तर हा खोकला असा रांगारांगांतून फिरला, की दरबारातला शिपाई आपलं वाक्य विसरून प्रेक्षकांकडेच बघत राहिला. एका निर्मात्याच्या कानावर दिगूभाऊंची कीर्ती गेली, तेव्हा त्याने दाराशी माणूस उभा करून प्रत्येक प्रेक्षकाला खोकल्याची गोळी वाटली होती. दिगूभाऊंनी टपरीवर निकाल दिला : "खोकले चार. कागदाचे आवाज दोनशे चाळीस."

त्याच पहिल्या भेटीत मी विचारलं होतं, "शून्य कधी आलं का?"

"एक डाव."

"कोणतं नाटक?"

दिगूभाऊ चूप. आणि मला चूप बसलेला माणूस सहन होत नाही, म्हणून मी माझी गोष्ट सुरू केली. ही गोष्ट 'तिसरी घंटा'मधल्या सगळ्यांना पाठ आहे. चोविशीतला मी, नरखेडच्या पोरांची हौशी नाटकमंडळी, नागपुरातली स्पर्धा, मी बापाच्या भूमिकेत. खच्चून भरलेला हॉल, आठशे माणसं, शंभर उभी. पोरीला निरोप द्यायच्या ऐन प्रसंगात माझी मिशी गळून पडली. दुसरा नट असता तर विंगेत पळाला असता. मी मिशी उचलली, शांतपणे खिशात ठेवली आणि म्हणालो, "पोरी, तू चालली, आता हे रुबाब कोणाले दाखवू?" हॉल उठून उभा राहिला! अकरा मिनिटं टाळ्या! टपरीवर सगळे हसले. दिगूभाऊ मात्र माझ्याकडे टक लावून पाहत होते. त्यांनी विचित्रच प्रश्न विचारला, "मिशी कोणत्या खिशात टाकली?"

"डाव्या," मी म्हणालो. बंडीला डावा एकच खिसा होता, म्हणून लक्षात राहिलं होतं.

"हं," म्हणाले, आणि चहाचे पैसे माझेही देऊन टाकले.

त्यानंतर वीस वर्षं माझ्या डोक्यात एकच किडा. शून्य कोणतं? गेल्या पन्नास वर्षांत मराठी रंगभूमीवर जे जे गाजलं ते सगळं मी एकेक करून त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांची मान आडवीच. गंभीर नाटकं झाली, संगीत नाटकं झाली, झाडीपट्टीतलीही झाली. कुहीकडे त्यांची सासुरवाडी म्हणून तिकडच्या दंडारी, ती गावोगावची लोकनाट्यंसुद्धा मी सोडली नाहीत. मोसंबीचं अख्खं पोतं त्यांच्या घरी पोचवलं. मोसंबी ठेवून घेतली, उत्तर दिलं नाही. "काहून एवढं लपवून राहिले?" मी चिडून विचारायचो. "तुमच्या सासऱ्यानं काम केलतं काय त्यात?" दिगूभाऊ नुसते गालात हसायचे, आणि सुलभाताई म्हणायच्या, "बंडूभाऊ, शून्य असं काही नाहीच मुळी. तुम्हाला खेळवून राहिले ते." मला मात्र खात्री होती. जो माणूस बावीसला तेवीस म्हणत नाही, तो काहीच नसताना शून्य म्हणणार नाही.

मग दीडेक वर्षापूर्वी दिगूभाऊंच्याच छातीत खोकला बसला. आधी साधा, मग डॉक्टरांचे चेहरे बदलतील असा. तरी येत राहिले. शेवटचं नाटक आम्ही सगळ्यांनी मिळून पाहिलं ते एक म्हातारी आणि तिचा हरवलेला मुलगा यांचं होतं. दोनच नट, रंगमंचावर एक खाट. दुसरा अंक चढत गेला, हॉलमध्ये अशी शांतता की खुर्च्यासुद्धा कुरकुरायच्या थांबल्या... आणि बाराव्या रांगेतून खोकल्याची उबळ आली. दाबलेली. रुमाल कोंबलेली. मी वळून पाहिलं तर दिगूभाऊ कमरेत वाकून, भिंतीला धरून दाराकडे चालले होते. नाटक सुटल्यावर आम्ही टपरीवर वाट पाहिली. सगळ्यांची मतं देऊन झाली, सुलभाताईंचं तर रडूनही झालं. आकडा सांगायला कोणी नव्हतं. दिगूभाऊ ऑटो करून घरी निघून गेले होते.

त्यानंतर ते नाट्यगृहात आले नाहीत. आम्ही घरी जाऊन हात जोडले. बाल्कनीत बसा, दाराजवळ बसा, औषध घेऊन बसा. "ज्यानं आयुष्यभर लोकायचे खोकले मोजले," ते म्हणाले, "त्यानं दुसऱ्याचं नाटक खराब कराचं काय गा?" वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "घरी तर रोज माही झोप खराब करता. तिथं काय लाज वाटते मंग?" ते हसले, हसता हसता खोकलले, आणि विषय तिथेच राहिला.

मी मग त्यांचा कान झालो. प्रत्येक नाटकाला जायचं, मोजायचं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी घरी जाऊन आकडा सांगायचा. शेवटचा गेलो तो असाच. वहिनींनी चहा ठेवला. दिगूभाऊ पलंगावर, पाठीला दोन उशा. मी ऐटीत सांगितलं, "सतरा!"

"कसं होतं नाटक?"

"सतरा म्हणजे चांगलंच असन."

"ते नाही इचारलं. नाटक कसं होतं?"

 दोन तास मी फक्त खोकले ऐकले होते. नायक मेला की नांदला, तेही मला सांगता येईना. दिगूभाऊंनी डोळे मिटले, आता रागावतील असं वाटलं. पण ते हळूहळू बोलायला लागले. मधेमधे दम लागत होता, थांबत होते...

"रातपाळी करून आलतो. घरी पाहुणे, झोपाले जागा नाही. म्हणून हॉलमध्ये घुसलो, सकाळची स्पर्धा होती. पंखा चांगला होता तिथचा. दोन परीक्षक अन् मी. तिघंच. म्हटलं, झोपतो आता मस्त. तर खेड्यातले पोरं आले, अन् तीन माणसायसाठी असे करून राहिले होते, जसे तीन हजार बसले आहेत. नाटक काही खास नव्हतं. लिहिणाऱ्याले काही समजत नव्हतं. पण बाप करणाऱ्या पोराची मिशी पडली..."

माझ्या हातातला चहा तसाच राहिला.

"...त्यानं उचलली, डाव्या खिशात टाकली, अन् काहीच बोलला नाही. एक अक्षर नाही. नुसता पोरीकडे पाहत उभा राहिला. वाक्य विसरला होता, मले दिसत होतं. पण असा उभा राहिला, की माही झोप उडाली."

 मी तेच बोललो जे माझ्यासारखा माणूस बोलतो. "तिघांत कोण खोकलणार होतं, दिगूभाऊ? ते शून्य काय शून्य आहे?"

"एका परीक्षकाले सर्दी होती," ते म्हणाले. "लाल झालता बिचारा. अर्धा रुमाल तोंडात कोंबला होता. पडदा पडला अन् मंग खोकलला, दोन मिनिटं."

 मग मी विचारलं, "वीस वर्षं सांगतलं नाही. काहून?"

"तू म्हणे आठशे लोक होते. मी सांगतो तर तीन होतात." दिगूभाऊंनी उशीवरची मान माझ्याकडे वळवली. "तुहे सातशे सत्त्याण्णव लोक मी कायले घरी पाठवू?"

वहिनी दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "हे त्यायनं मले लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात सांगतलं होतं. मिशीवालं पोट्टं. ते तुम्ही काय, भाऊजी?" आणि तोंडाला पदर लावून हसत आत गेल्या. मी साठी उलटलेला माणूस, त्या दिवशी सायकलवरून पडल्यासारखा रस्त्याने घरी आलो.

बारा दिवसांनी मोटारीपाशी तो निरोप आला.

तेराव्यानंतर वहिनींनी मला बोलावलं आणि तपकिरी जाकीट हातात दिलं. "धुतलं नाही," म्हणाल्या. "खिशाले हात लावू देत नव्हते." मी तिथेच उभ्या उभ्या खिसे चाचपले. उजवा खिसा चिंचोक्यांनी भरलेला. डाव्यात हात घातला आणि बोटाला एकच चिंचोका लागला. एकच... त्या खाटेच्या नाटकाचा आकडा. टपरीवर सांगायचा राहून गेलेला.

पुढच्या रविवारी मी तो टपरीवर सगळ्यांपुढे ठेवला. आमच्यात असं भांडण जुंपलं की चहावाल्याने गॅस बंद केला. सुलभाताई म्हणाल्या, "तो त्यांचा स्वतःचाच. स्वतःला नाटकावर डाग समजले ते, म्हणून परत आले नाहीत." मी म्हणालो, शक्यच नाही. सर्दीचा, दुखण्याचा खोकला त्यांनी जन्मात मोजला नाही. तो बाल्कनीतल्या कोणा कंटाळलेल्या माणसाचा असणार. "तुम्ही ऐकला काय बाल्कनीतला?" नव्हता ऐकला. कोणीच ऐकला नव्हता. पण ऐकणाराही आमच्यात दुसरा कोण होता? आणि तो त्यांचा स्वतःचाच असेल, तर आपल्याच नियमाविरुद्ध, भिंत धरून बाहेर जाताना, त्या अवस्थेत, त्यांनी आठवणीने तो डाव्या खिशात टाकला असेल? मी त्या शेवटच्या दुपारी दोन तास त्यांच्यासमोर बसलो होतो. विचारता आलं असतं. पण मला वीस वर्षं शून्याचंच कुतूहल. एकाचं विचारायचं सुचलंच नाही.

मिशीची गोष्ट मी अजून सांगतो. आता हॉलमध्ये तीनच माणसं असतात, आणि मिशी पडल्यावर मी काहीच बोलत नाही. नवे लोक ऐकतात आणि म्हणतात, "काका, कायले फेकून राहिले?"

जाकीट माझ्या खुंटीला आहे. मला दोन्ही खांद्यांत तंग होतं, पण नाटकाला जाताना घालतो आणि बाराव्या रांगेत कडेला बसतो. मोजत नाही, नाटक पाहतो. काल मात्र तिसरी घंटा होऊन दिवे मंद झाले आणि मागे कोणीतरी घसा खाकरला, तशी बोटं आपोआप उजव्या खिशात गेली. एक चिंचोका उचलला, डाव्या खिशाच्या तोंडापर्यंत नेला आणि थांबलो. तिथे तो एकटा पडलेला होता. त्याच्यात दुसरा मिसळला, तर मग कोणता त्यांचा ते ओळखू येणार नाही... मी हातातला चिंचोका मुठीत घट्ट धरला आणि पडदा पडेपर्यंत तसाच धरून ठेवला.